पोळ्याचा घसा

आवाज पुन्हा फाटला. त्याच जागी. अश्विनीनं फाइल मागं नेली, पुन्हा लावली. ‘शिंगाले बेगड, पाठीले झूल, धन्याच्या डोळ्यात पाण्याचं फूल’ — उकंडरावांचा आवाज चढणीला लागलेल्या बंडीसारखा निघाला, ‘फूल’पाशी चाक खडकावर घासावं तसा घासला, आणि पुढं नुसती हवा आली.

झडत्या होत्या त्या. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की एक जण खड्या आवाजात कवन फेकतो, दुसरा त्याला उत्तर देतो. मेहकरकडच्या त्या गावात दिवसाची पहिली झडती उकंडरावांची. त्यांच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत. शाळेत होती तेव्हापासून अश्विनी बापाची ही पहिली झडती दर पोळ्याला फोनमध्ये भरून घ्यायची. फोन बदलत गेले, तशा फाइलींच्या जातीही बदलत गेल्या. बटनाच्या फोनमधल्या एएमआर, नंतरच्या एमफोरए. पारावरच्या भोंग्याचं मशीन मात्र एमपीथ्रीशिवाय कुणाला ओळखत नव्हतं. म्हणून परवा उकंडराव स्वतःच म्हणाले होते, ‘‘साऱ्या झडत्या एका जातीच्या कर आन् पेनड्राइव्हमंधी भरून दे.’’

‘‘काऊन बाबा? यंदा बसल्याबसल्या झडती म्हनता का?’’

‘‘हाव. मशीन बोंबलीन, मी मिशीले पीळ देत बशीन.’’

म्हाताऱ्याला नावाची हौस चढली, म्हणून ती हसली होती.

जात बदलताना आवाजातलं काही गळतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं दर्जा पार वर नेला आणि फाइल पुन्हा केली. हिरवी पट्टी सरकत टोकाला गेली. आवाज फाटला. तिनं दुसरं सॉफ्टवेअर उतरवलं. पट्टी सरकली. फाटलाच.

पेनड्राइव्ह न्यायला भोंगेवाले गोविंदाकाका आले. झडतीत उकंडरावांना उत्तर देणारे तेच. दारातच उभं राहून त्यांनी ऐकलं.

‘‘कम्प्युटरले काऊन शिव्या देतं माय? पोळ्याचा घसा हाये तो. बोंबललं का बसते, गणपतीत सुटते.’’

गावात असंच मानत. ज्याचा घसा बसला नाही, त्यानं झडती म्हटलीच नाही. बसलेला घसा लोक फेट्यासारखा मिरवत.

‘‘तुह्या बापाचा तं मांगच्या पोळ्यापासून सुटलाच नाही,’’ काका हसले. ‘‘पारावर बसते आन् नव्या नवरीवानी कानात बोलते.’’ संध्याकाळी येतो म्हणून ते गेले.

अश्विनीचं बोट माउसवर तसंच राहिलं.

ही तर दिवसाची पहिली झडती. हिच्याआधी बाबा कुठं बोंबलले होते?

तिनं साऱ्या मूळ फाइली सालवारीनं लावल्या आणि पहिलीपासून ऐकायला बसली. बटनाच्या फोनमधली फाइल सगळ्यांत रद्दी. पोरांचा गलका, घुंगरं, सारं डब्यात कोंडल्यासारखं. पण बापाचा आवाज त्यातून घंटेसारखा वर निघत होता. पुढच्या फाइली साफ होत गेल्या. घुंगरं वेगळी, बैलाचा सुस्कारा वेगळा, तोरणाच्या पानांची सळसळही वेगळी. फाइल उजळत गेली, आवाज मळत गेला. आता फाटत होती ती शेवटच्या सालची, आणि तिच्या मूळ फाइलीला तर तिनं हातही लावला नव्हता. फोनमधून जशी आली तशीच. खरखर त्यातही होती.

कम्प्युटरनं काहीच बिघडवलं नव्हतं.

अंगणात उकंडराव खाकरले. आई गेल्यापासून घरात दोघंच. ते खाकरणं तिनं कितीतरी दिवस ऐकलं होतं, शेजारची पिठाची गिरणी ऐकावी तसं. आज तिनं फाइल थांबवून कान दिला. ते आत आले. एवढ्या उकाड्यात गळ्याला दुपट्टा गुंडाळलेला.

‘‘झालं का?’’ त्यांनी विचारलं. शब्द कमी, वाराच जास्त.

‘‘बाबा, उद्या खामगावले जाऊ. घसा दाखवू.’’

ते खाटेवर बसले. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

‘‘दाखवला. बुलढाण्याले. त्यायनं नागपूरले धाडलं.’’

‘‘कव्हा?’’

‘‘मी बियाणं पाहाले गेलो असं सांगतलं ना तुले, तव्हा.’’

‘‘काय म्हनलं त्यायनं?’’

‘‘आवाजाची पेटी काढा लागते. तारीख भेटली हाये, पोळ्याच्या आधीची.’’ ते थांबले, दम घेतला. ‘‘जीव राह्यते म्हनते. आवाज राह्यत नाही.’’

पडद्यावरची हिरवी पट्टी टोकाला लागून उभी होती. अश्विनीला तिच्याकडं पाहवेना. मग तिनं पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात ठेवला.

‘‘साऱ्या आल्या बाबा. गाव दरसाल ऐकीन.’’

‘‘ते गोविंदाले दे.’’ त्यांनी तो बाजूला ठेवला, खाट सोडली आणि कम्प्युटरजवळचा छोटा माइक स्वतःच्या तोंडाशी ओढला. ‘‘आता तुह्यासाठी भर.’’

‘‘झडती?’’

उकंडरावांनी नकारार्थी मान हलवली.

‘‘अश्विने, चाय टाक. अश्विने, दार लाव. जेवली का वं? असं रोजचं भर. झडती म्हनाले गावात लय जन हायेत, तुले आवाज द्यायले मी एकटाच आहो.’’