थोरलीचा श्वास

एक-दोन-तीन मोजून गाणं सुरू करायची त्या दोघी बहिणींच्या बँडमध्ये रीतच नव्हती. थोरली माइकसमोर श्वास घ्यायची आणि त्या श्वासावर सगळे वाजवू लागायचे. वीस वर्षांत ते अंगवळणी पडलं होतं. आता थोरली नव्हती. धाकटी आपला पहिला, एकटीचा अल्बम करत होती. साथीला तीच जुनी मंडळी.

पहिल्या गाण्याला मोजायचं सगळेच विसरले. तरी एकाच ठोक्याला सुरू झाले.

"श्वास छान घेतलास," ड्रमर म्हणाला. "बरोब्बर कळलं."

"मी घेतलाच नव्हता."

रेकॉर्डिस्टने ऐकवलं. श्वास होता. घेतल्याचा आवाज होता, सोडल्याचा कुठेच नव्हता. धाकटीचे डोळे भरून आले.

"राहू दे तो," ती म्हणाली. "ताईशिवाय मला कुठे जमतंय!"

मग कुणी मोजलंच नाही. सातव्या गाण्याला मात्र त्या श्वासाला घरघर लागली. तीच घरघर धाकटीने दवाखान्यात, थोरलीच्या खाटेशी बसून तीन दिवस ऐकली होती. आठव्याला तो मध्येच तुटला.

नववं शेवटचं.

"थांबा, या वेळी मी मोजते," धाकटी घाईघाईने म्हणाली. "एक, दोन—"

"थांब गं," हेडफोन कानाशी दाबत ड्रमर कुजबुजला. "घेतेय ती."

आणि सगळे हात उचलून, तो श्वास पुरा व्हायची वाट पाहत राहिले.