पिवळी रेघ

जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या इंजिनाचा तळ पुसताना मिस्त्रीला नटांवर पिवळ्या रेघा दिसल्या आणि गडी एकदम खूश झाला.

"बघा मावशी, कारखान्यात नट नेमका आवळला की त्यावर अशी रंगाची रेघ ओढायचे. चाळीस वर्षांत एक नट हललेला नाही! आणि रेघा सगळ्या उजवीकडून डावीकडे, म्हणजे पठ्ठ्या डावखुरा. असे हात आता कुठे राहिलेत?"

गाडीची मालकीण, सत्तरीची बाई, स्टुलावर बसून ऐकत होती. पण मिस्त्रीने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, चढवलं आणि पहिलाच नट दातओठ खात पार आवळून टाकला, तशी ती ताडकन उठली.

"सैल करा तो आधी. समोरासमोरचे नट घ्यायचे आणि चारही थोडे थोडे आवळत न्यायचे. नाहीतर हेड वाकडं बसतं."

"तीस वर्षं असंच करतोय मी, मावशी."

"मग तीस वर्षं चुकताय."

मिस्त्रीचा पारा चढला. "हे काय बरणीचं झाकण आहे होय? तुम्ही आपल्या गप बसा बघू."

"नाही बसत. गाडी माझी आहे. पाना द्या इकडे."

'घ्या, करा हौस' म्हणत त्याने पाना तिच्या उजव्या हातात कोंबला. तिने तो डाव्या हातात घेतला आणि आवळलेला नट सैल करायला वाकली.

"पिवळा रंग आहे का हो दुकानात?"