चाकाखालचं लिंबू

एक्कावन्न साली पोरसवदा जयसिंगनं मोटारींच्या सगळ्या शर्यती मारल्या, तेव्हा अख्ख्या कोल्हापूरला लबाडीचा वास आला. माझ्या नाकाला जरा आधीच.

म्हणून पुढच्या शर्यतीला मी माळावर त्याच्या गाडीलाच चिकटून उभा राहिलो. मिस्त्री पिराजीनं रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी त्यावरून पुढं सरकली. लिंबू अख्खंच.

"दुसरं ठेव की," जयसिंग हसला.

तेही अख्खंच राहिलं.

"मालक, उतरा खाली. लिंबू फुटंना, हे जिवावरचं लक्षण हाय. आज पळवू नगासा."

"का रं? हलकी झालीया, उलट जोरात पळंल!"

शिट्टी वाजली. त्याला अडवायला पिराजीनं चाकापुढं स्वतःचा हात टेकवला. गाडी हातावरून निघून गेली.

पिराजीनं हात उचलला, पाची बोटं हलवून पाहिली, आणि तो मालकाच्या नावानं मोठ्यानं रडू लागला.