सैल वायर

"ताई, हा बिघडलेला नाही. बिघडवलेला आहे."

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलेला लॅपटॉप धाकटीपुढे सरकवला. पंख्याची वायर जागेवरून उपसलेली होती. मेमरीची पट्टी अर्धवट वर आली होती. तो म्हणाला, वायर वापरून वापरून सैल होईलही एक वेळ, पण दोन्ही बाजूंचे खटके हाताने उघडल्याशिवाय ही पट्टी अशी निघत नाही. नवा घ्यायची काही गरज नाही, हाच अजून छान चालेल. फक्त कोणाच्या हाती देता ते बघा.

हे झाकण आजवर एकाच माणसाने उघडलं होतं. तिच्या बाबांनी.

बाबा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. बिघडलेला टीव्ही लोक दुरुस्तीला न देता फेकून द्यायला लागले, तसं दुकान बंद पडलं. त्यानंतर कधीतरी धाकटीचा लॅपटॉप अडला आणि बाबांनी तो मागून घेतला. या यंत्राची त्यांना काही माहिती नव्हती. हिकमतीने शिकले. तेव्हापासून तो अडला की बाबांच्या टेबलावर जायचा आणि संध्याकाळपर्यंत सुरू होऊन परत यायचा. आता त्याची बिजागरी लुळी पडली होती, बटणांवरची अक्षरं पुसली होती. नवरा म्हणायचा, किती दिवस ओढणार आहेस हा डबा, नवा घे. धाकटी पुस्तकांसाठी चित्रं काढायची, तिचं सगळं काम त्या यंत्रावर. तरी ती विषय टाळायची. नवा घेतला तर बाबांना काय वाटेल, एवढंच तिच्या मनात यायचं.

आणि गेल्या आठवड्यात ऐन मोक्याला त्याने मान टाकली. मुलांच्या एका मोठ्या पुस्तकाची चित्रं त्याच दिवशी द्यायची होती. ती धावत बाबांकडे गेली. बाबांनी दुपारभर खपून तो सुरू केला, पण प्रकाशक थांबला नाही. काम दुसऱ्या कोणाला गेलं. बाबांना लागेल म्हणून तिने हे माहेरी सांगितलंही नाही. मग काल तो पुन्हा बंद पडला, आणि आज पहिल्यांदाच ती बाबांना न विचारता दुकानात आली होती.

दुकानातून ती तडक माहेरी गेली. बाबा टेबलाशी बसले होते. तिच्या खांद्यावरची बॅग बघून त्यांचा चेहरा उजळला.

"परत अडला का? आण इकडे."

तिने बॅग खाली ठेवली नाही.

"बाबा, वायर तुम्ही मुद्दाम काढून ठेवत होतात?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं. दुरुस्तीवाला काय म्हणाला ते, आणि हातचं गेलेलं पुस्तकही. सांगताना तिला वाटत होतं, त्यांनी रागावावं, चल तुझ्या त्या दुकानदाराकडे म्हणावं. पण बाबांनी हात टेबलाखाली घेतले. वर्गात पकडलेल्या पोरासारखे ते बोलू लागले. वायर सैल असायची खरी. प्रत्येक वेळी तीच वायर, नाहीतर तीच पट्टी. त्यांना वाटायचं यंत्र म्हातारं झालंय, तापून ढिलं होतंय. मागच्या खेपेला तर वायरीला त्यांनी गोंदाचा थेंबही लावला होता.

"मग दुसरं कोण उघडणार, बाबा?" ती म्हणाली. या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत दारात आली.

"त्यांना बोलू नकोस. मी काढायचे."

धाकटी चित्रकलेच्या वर्गावर शिकवायला जायची, तेव्हा आई तिच्या घरी नातीजवळ थांबायची. नात झोपली की घरात सामसूम. आईने उभा जन्म दुकानात नवऱ्याशेजारी बसून स्क्रू काढले होते. एक वायर सैल करणं तिच्या हातचा मळ होता. पुस्तकाचं तिला ठाऊक नव्हतं. तेवढं सांगून ती पुढे बोलत राहिली. दुकान गेल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, ती म्हणाली. लॅपटॉप आला की उठतो. दाढी करतो, धुतलेला सदरा मागतो, मला हाका मारतो. चार दिवस माणसात असतो.

"आई, तू मला फसवलंस," धाकटी म्हणाली.

"फसवलं. आणि तू गं? नवा घेणं काय अवघड होतं तुला? का नाही घेतलास?"

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो माणूस तिथेच बसलाय, याचं दोघींनाही भान उरलं नव्हतं.

बाबांनी चष्मा काढला. टेबलावर मांडून ठेवलेली हत्यारं एकेक करून डब्यात ठेवली. डब्याचं झाकण लावलं.

"नवाच घे," ते धाकटीला म्हणाले. "यात दुरुस्त करण्यासारखं कधी काही नव्हतंच."