नवऱ्याचं "हं"

फुकट राबणारा नट एकच मिळाला, माझा दादा. म्हणून आमच्या विनोदी फिल्ममध्ये नवराही तोच, बायकोही तोच आणि भांडण सोडवायला येणारा शेजारीही तोच. कॅमेरा आणि हेडफोन माझ्याकडे.

त्या दुपारी बायकोची वाक्यं घेत होतो. दादा पांढऱ्या केसांचा टोप घालून रिकाम्या खुर्चीशी भांडत होता. प्रत्येक वाक्यानंतर तो जरा थांबायचा, कारण तिथे नवऱ्याचं "हं" नंतर भरायचं होतं.

"अहो, बल्ब गेलाय."

"हं."

मी दचकले. दादाचे ओठ मिटलेले होते.

"अहो, नळ गळतोय."

"हं."

हेडफोन काढला, तर खोली चिडीचूप.

"दादा, मध्येच हं म्हणतोयस का रे?"

"मी कशाला म्हणू? ते उद्या घ्यायचंय ना! उगाच डोकं खाऊ नकोस."

मी पुन्हा हेडफोन लावला. शेवटचं वाक्य राहिलं होतं. त्यापुढे नवऱ्याचं घोरणं येणार होतं, गंमत काय ती तीच.

"अहो, माझ्यानंतर तुमचं कसं व्हायचं?"

या खेपेला "हं" आलं नाही.

"अरे," माझ्या कानात कोणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "तू जा तर खरा."

बायकोला कोणी "अरे" म्हणत नाही.

हेडफोन माझ्याच कानांवर होता. दादाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी त्याने टोप काढून मांडीवर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत, स्वतःच्या आवाजात म्हणाला,

"बरं. जातो."