मध्यंतरीचं व्याख्यान

सुलभा पायऱ्यांखाली चपलांच्या फडताळाला टेकून बसली होती, आणि वर देवळाच्या सभामंडपात तिच्याच दुखण्यावर भाषण चाललं होतं.

कल्पना मुकुंदरावांची, देवळाच्या विश्वस्तांची. "डॉक्टरांच्या भाषणाला या म्हटलं तर बायका येत नाहीत, कीर्तनाला न बोलावता येतात," असं म्हणून त्यांनी पूर्वरंग आणि आख्यानाच्या मध्ये डॉक्टर वेदश्रींना बोलायला बसवलं होतं. विषय, पाळी जाण्याच्या वयातली तब्येत. दाजीबानपेठेतल्या देवळात असला विषय ठेवायला छाती लागते. ती मुकुंदरावांना होती. फक्त एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, की जिची पाळी चालू आहे ती बाई या देवळाची पायरी चढत नाही.

आणि सुलभाची तर दसऱ्यापासून थांबायचं नाव घेत नव्हती. जरा उसंत मिळाली म्हणावं, की पुन्हा सुरू. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासूबाई म्हणायच्या, "जाताना अशीच जाते ती." नवरा म्हणायचा, "आईला विचार." हे खरंच वय म्हणून चाललंय, की आत काही झालंय, एवढंच तिला विचारायचं होतं. कीर्तनात पेटीवाल्यासमोरची जागा तिची, ती कुणी घेत नसे. आज बुवांचा पूर्वरंगही तिने इथूनच ऐकला, डोक्यावरच्या कर्ण्यातून.

शेजारी रेश्मा पदराने वारा घेत होती. गोकुळ रोडच्या कारखान्यातून ती तशीच इकडे आली होती. पलीकडे आणखी दोघी होत्या, त्याच कारणाने खाली बसलेल्या.

"अक्का, वर पंखे बघ की कसे फिरतायत," रेश्मा म्हणाली. "वाफा आपल्या अंगात, अन् वारा त्यांना."

"गप्प बस गं, ऐकू दे."

भाषण संपलं. "आता काही विचारायचं असेल तर विचारा," डॉक्टर म्हणाल्या. सुलभा सावरून बसली. जाऊ श्यामला आत होती. तिची केव्हाच गेलेली, तिला आडकाठी नव्हती. काय विचारायचं ते सुलभाने तिच्याकडून घरी घोकून घेतलं होतं.

कर्णा खरखरला. आवाज श्यामलाचाच.

"डॉक्टर, ते... एकीचं विचारायचं होतं. म्हणजे तिला ना... म्हणजे, गुडघे फार धरतात हो."

"अय्यो देवा!" रेश्माने कपाळाला हात लावला. "तुझे गुडघे कधीपासून धरले गं?"

सुलभाने ओठ चावला. डॉक्टरांनी नाचणी खायला सांगितली, उन्हात फिरायला सांगितलं. मग एकीने आपल्या साखरेचं विचारलं. दुसरीने यजमानांच्या रक्तदाबाचं विचारलं, आणि ते बराच वेळ चाललं.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "खरं सांगू का? मी ज्यांच्यासाठी आले, त्या वयाच्या बायका इथे फारशा दिसतच नाहीत. आपल्या बायकांना स्वतःच्या जिवाची काळजीच नाही बघा."

सुलभा उठली. देवळाच्या दारात तिने आजवर आवाज चढवला नव्हता.

"आम्ही इथं आहोत, डॉक्टर! खाली, चपलांपाशी!"

मंडपातल्या माना वळल्या. मुकुंदराव लगबगीने वरच्या पायरीवर आले. "सुलभाअक्का, अहो, हळू..." म्हणता म्हणता त्यांची नजर खाली बसलेल्या चौघींवरून फिरली आणि ते तिथेच थबकले. "हे माझ्या लक्षातच आलं नाही हो," ते पुटपुटले.

डॉक्टर त्यांच्या बाजूने वाट काढत खाली उतरल्या, अनवाणीच, आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. "या, जवळ या. बोला, कधीपासून आहे?"

सुलभाने तोंड उघडलं, आणि वर झांजा वाजल्या. बाळाचार्य बुवांना आरतीच्या आत आख्यान संपवायचं होतं. त्यांनी नामाचा गजर सुरू केला, अख्ख्या मंडपाने तो उचलला आणि कर्ण्याने तो सुलभाच्या डोक्यावर ओतला.

"दसऱ्यापासून थांबतच—"

"काय?"

"थांबत नाही! अन् गाठी—"

डॉक्टरांनी कानाशी हात नेला, मान हलवली, ओरडून म्हणाल्या, "असं करा, उद्या या! विद्यानगरला, दवाखान्यात!"

उद्या. उद्या म्हणजे सासूबाईंना विचारणं, त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवणं, नवऱ्याचं दुकान, सणाचं गिऱ्हाईक. उद्या कशी असते ते सुलभाला ठाऊक होतं. दसऱ्यापासून उद्याच चालली होती.

ज्या गजराने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तोच आज कानांवर घणासारखा पडत होता. ती वळली. पायऱ्यांच्या तोंडाशी गेली, टाचा उचलल्या, आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडली,

"बुवा, थांबा जरा! देव कुठं जात नाही. आधी माझं होऊ द्या!"

झांजवाल्याचे हात तसेच उघडे राहिले.