सहा की आठ

सिस्टरने कॅल्क्युलेटर खिडकीकडे धरला, मग तिरका केला, मग डोळे बारीक करून पाहिलं. बाबांच्या हृदयाचं औषध सोडणारा पंप थांबला होता. नवी बाटली लावून झाली होती, पण तासाला किती मिली, तो आकडा भरल्याशिवाय पंप पुन्हा चालू होणार नव्हता.

स्टुलावर बसलेल्या त्यांच्या मुलाने कॅल्क्युलेटर लांबूनच ओळखला. त्याच्या पडद्यावरचे अंक त्यानेच काढले होते, तीन ठिपके रुंद आणि पाच ठिपके उंच. कंपनीने पडद्यावर एक ओळ जास्त बसवा म्हटल्यावर तिथल्या बाकीच्यांनी हात टेकले होते. हा पठ्ठ्या मात्र बसवून मोकळा झाला. सहा आणि आठ यांच्यात एकाच ठिपक्याचा फरक उरला, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. चालतंय, म्हणाला होता.

"काय मेलं हे यंत्र," सिस्टर पुटपुटली. "परवा एकीने सहाचे आठ वाचले. नशीब, लगेच लक्षात आलं. बनवणाऱ्याला एकदा इथे आणून उभं करायला हवं."

मुलाचं तोंड एवढंसं झालं. त्याला एकाएकी चपलेचा पट्टा सारखा करायची गरज वाटली.

बाबांच्या कानावर बहुतेक 'बनवणाऱ्याला' एवढंच पडलं. ते उशीवर जरा वर सरकले.

"आमच्या याने बनवलाय तो," ते म्हणाले. आवाज क्षीण होता, पण ऐट शाबूत होती. "दुकानात दिसला ना, की मी दुकानदारालासुद्धा सांगतो."

सिस्टरने मुलाकडे पाहिलं. तिने एखादा टोमणा मारला असता तरी त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसता कॅल्क्युलेटर पुढे केला.

"मग तुम्हीच सांगा. सहा की आठ?"

त्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, अंगठ्याने काच पुसली. तो ठिपका कुठे असायला हवा, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. आता तो आहे की नाही, तेवढंच कळत नव्हतं. कान तापले. सहा म्हणून टाकावं आणि सुटावं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. मग बाबांच्या हातात गेलेल्या नळीकडे लक्ष गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मला नाही वाचता येत," तो म्हणाला.

सिस्टरने कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात राहू दिला. खिशातून पेन काढून ती कागदावर हिशोब मांडू लागली.

 बाबांनी चाचपडत उशीखालून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि सुई टोचलेला हात मुलापुढे केला.

"आण इकडे," ते म्हणाले. "मी बघतो."